मास्तरांचा रेडिओ

आमच्या चारकोपच्या सेक्टरमध्ये एखादं काम रेंगाळलं की अजूनही म्हणतात, "झाला याचा मास्तरांचा रेडिओ." पाण्याच्या टाकीची गळती दोन महिने थांबली नाही तेव्हा म्हणाले. गटाराचं झाकण बसवायला येतो म्हणून गेलेली माणसं परत आलीच नाहीत, तेव्हाही म्हणाले. नव्याने राहायला आलेल्यांना यातले मास्तर कोण आणि रेडिओ कसला हे माहीत नसतं. पण बोलायला सोपं पडतं म्हणून तेही म्हणतात.

हा रेडिओ माझ्या गाडीतला. तो मास्तरांना दुरुस्त करता आला नाही, ही गोष्ट साफ खोटी आहे. मला शहात्तरावं चालू आहे. खरं काय ते मला माहीत आहे आणि माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं, म्हणून लिहितो.

मास्तरांनी कुठल्या शाळेत शिकवलं नाही. ते गिरणीत वायरमन होते. गिरणी बंद पडली तेव्हा मार्केटच्या कोपऱ्यावर त्यांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा ठेला टाकला. पुढे टीव्ही चपटे झाले. "आत हात घालूक जागाच ठेवूक नाय मेल्यांनी," म्हणून ठेला बंद करून घरी बसले. मास्तर हे नाव पडलं ते एका सवयीमुळे. दुरुस्ती चालू असताना कुणी मधे बोट घातलं की ते स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्या बोटावर मारत. लहानथोर बघत नसत. सोसायटीच्या चेअरमनलाही एकदा बसली होती.

मूळचे मालवणकडचे. रागावले की मालवणीत बोलत, खुशीत आले की मालवणीत बोलत. फक्त रेडिओबद्दल बोलताना अगदी पुस्तकी मराठी, जसा काही रेडिओ हा पुण्याहून आलेला पाहुणा आहे.

त्यांचे कान विलक्षण होते. दोन इमारतींपलीकडे कुणाचा मिक्सर चालू झाला की चहाचा कप खाली ठेवून म्हणत, "ब्रश झिजलाय. आठवडाभर चालेल." नवव्या दिवशी मिक्सर बंद पडला तर दोन दिवस स्वतःवर चिडलेले असत. त्यांच्या बायकोला आम्ही मास्तरीणबाई म्हणायचो. ती सांगायची, "माझ्या कुकरच्या शिट्ट्या मी कधी मोजल्या नाहीत. हे तिथून ओरडतात, आता बंद कर, भात लागतोय."

निवृत्त होऊन दहाएक वर्षं झाल्यावर मी जुनी गाडी घेतली. तिच्यात रेडिओ होता, पण लावला की नुसती खरखर. मी मास्तरांना सहज बोललो. ते लगेच बनियनवर खाली आले, पुढच्या सीटवर बसले, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "इंजिन चालू कर. आणि तोंड बंद कर."

पाच मिनिटं ऐकलं. मग म्हणाले, "चार आहेत."

"चार काय?"

"आवाज. तुला एकच खरखर ऐकू येते, कारण तू जेवायला बसणारा माणूस. स्वयंपाकघरात काय काय शिजतंय ते मला कळतं."

आणि खरंच त्यांनी ते चार आवाज मला वेगळे करून ऐकवले. गाडीला रेस दिली की चिरकत वर चढणारा तो डास. इंजिनाच्या तालावर तडतडणारी ती फोडणी. खड्ड्यातून गेलं की कुडकुडणारे ते पापड. आणि या सगळ्यांच्या मागे एकसारखं चालू असलेलं तळण. डास आला तर चार्जर नाहीतर डायनामो बघायचा, फोडणीला प्लगची वायर, पापडाला कुठेतरी सैल किंवा गंजलेलं अर्थिंग. तळण म्हणजे एरियल लंगडं, स्टेशन पोचतच नाही. माझी बायको खिडकीतून ऐकत होती. ती म्हणाली, "मास्तर, गाडी बघताय की पंगत वाढताय?"

गाडीला एरियल नव्हतंच. आधीच्या मालकाच्या वेळीच कुणीतरी पळवलेलं. टपावर नुसतं भोक. बाजारात नवं सहज मिळालं असतं, पण मास्तरांना बाजारचा माल पटत नसे. त्यांच्याकडे तरुणपणी घेतलेला एक ट्रान्झिस्टर होता, लाकडी पेटीचा. त्याचं ओढून लांब करायचं एरियल त्यांनी काढलं, पितळेचा तुकडा जोडून झाळलं, काळा रंग दिला आणि माझ्या गाडीच्या टपावर बसवलं. मास्तरीणबाई आमच्याकडे येऊन म्हणाली, "तो ट्रान्झिस्टर माझ्या आधी घरात आलेला. माझी सवतच. सवतीचं नाक कापून तुमच्या गाडीला लावलंय, सांभाळा."

मास्तरांची काम करायची रीत होती. एका दिवशी एकच गोष्ट बदलायची, मग ऐकायचं, मग लिहायचं. मी एकदा वैतागून म्हटलं, "मास्तर, सगळं एकदम बदलून टाकू या ना."

"डॉक्टर सात गोळ्या एकदम देतो," ते म्हणाले. "ताप जातो. कुठल्या गोळीने गेला ते ना तुला कळतं, ना डॉक्टरला."

लिहायचं ते घरातल्या कॅलेंडरवर, तारखेच्या चौकोनात. मास्तरीणबाईच्या दुधाच्या खाड्यांच्या शेजारी बारीक अक्षरात असायचं: 'चार्जर काढला. डास मेला.' 'अर्थची पट्टी घासली. पापड बंद.' आणि प्रत्येक चौकोनाच्या वर आधी एक ओळ: 'हात लावला नाही.' कारण सकाळी गाडीपाशी आले की, नमस्कार नाही काही नाही, पहिला प्रश्न हाच. "कालपासून कोणी हात लावल्यान?"

मी म्हणायचो, "नाही मास्तर." मग ते लिहायचे.

या प्रश्नामागे त्यांचा नियम होता. जी वस्तू तपासून एकदा ठीक ठरली, तिच्याकडे पुन्हा बघायचं नाही. फक्त मधे कुणाचा हात लागला असेल तरच बघायचं. नाहीतर माणूस त्याच चार वस्तूंभोवती जन्मभर फिरत राहील, असं ते म्हणत. एरियल त्यांनी स्वतः बनवलेलं, स्वतः मीटर लावून तपासलेलं. त्या दिवसाच्या चौकोनात 'एरियल ठीक' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारलेल्या. बाकी कशाखाली एकच रेघ असे.

नवरात्र बसेपर्यंत डास, फोडणी, पापड सगळं गेलं. तळण अगदी मंद आचेवर आलं. मास्तर म्हणाले, "दसऱ्याच्या दिवशी वाजेल."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गाडी धुवायला नेली. पूजा करायची म्हणून. इंडस्ट्रियल इस्टेटजवळ फिरत्या ब्रशांचं नवीन वॉशिंग सेंटर झालं होतं, तिथे. मास्तरांनी मला दहा वेळा सांगितलं होतं, धुवायला नेशील तेव्हा एरियल फिरवून काढ आणि डिकीत ठेव. मी विसरलो. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही. गाडी ब्रशांखालून बाहेर आली तेव्हा एरियल झाळलेल्या जागी तुटून काचेवर आडवं पडलं होतं.

तिथून सरळ मास्तरांकडे गेलो असतो तर स्क्रूड्रायव्हरची मूठ बोटावर बसली असती आणि गोष्ट संपली असती. पण मी छत्तीस वर्षं कचेरीत काढली होती. साहेबाला चूक दाखवण्याआधी ती झाकता येते का ते बघायचं, हे माझ्या अंगात मुरलेलं. घरी बाथरूमचा पाइप गळत होता तेव्हा आणलेली पुटी उरली होती, ती दोन रंगांची, मळून एक करायची आणि लावायची, दगडासारखी घट्ट होते. ती मी मळली, दोन तुकडे जोडले, वर लिंपली, वाळल्यावर त्याला बुटाचं काळं पॉलिश लावलं आणि ब्रशने चकाकवलं. खरं सांगतो, जोड मला मास्तरांपेक्षा सुबक वाटला.

पुटीतून वीज जात नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी बायकोने गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांनी ताटातलं हळदकुंकू घेतलं आणि बॉनेटला न लावता हात उंच करून एरियलला लावलं. बरोबर पुटीवर. हात जोडले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "कालपासून कोणी हात लावल्यान?"

बायको शेजारी, हातात ताट. मास्तरांच्या बोटांना कुंकू.

"नाही मास्तर," मी म्हटलं.

रेडिओ लावला. तळण असं उसळलं की बायको दोन पावलं मागे सरली.

पुढचे चार आठवडे मी आठवायला नको म्हणतो, पण आठवतात, आणि वाईट म्हणजे आठवले की हसू येतं. गाडीतलं सगळं ठीक असल्याचं कॅलेंडरवर लिहिलेलं होतं. तेव्हा दोष गाडीबाहेर आहे, असं मास्तरांनी ठरवलं. आधी त्यांनी मेट्रोच्या खांबांवर संशय घेतला. खांब जिथे नाहीत तिथे जाऊन ऐकू या म्हणाले. मग मी त्यांना घेऊन रोज कुठे ना कुठे. जोगेश्वरीच्या गुंफांपाशी ऐकलं. अंधेरीच्या पुलावर चढताना ऐकलं, उतरताना ऐकलं. मुलुंडला डोंगर आडवा येतो का ते बघायला गेलो. तिथून परतताना ते म्हणाले, माहुलच्या रिफायनरीच्या चिमण्या लोखंडी आहेत, त्या काय करतात बघू. मी मुकाट्याने गाडी वळवली. मला कारण माहीत होतं. ते माझ्या डोक्यावर दीड फुटावर टपावर उभं होतं. आणि मी पेट्रोल जाळत माहुलला चाललो होतो.

मुलुंडला एका हवालदाराने काचेवर टकटक केलं. दोन म्हातारे, काचा बंद, डोळे मिटलेले, डॅशबोर्डला कान लावून बसलेले. त्याला वाटलं, काहीतरी भलतंच.

"काय काका, काय चाललंय?"

"तळण ऐकतोय," मास्तर डोळे न उघडता म्हणाले.

"कसलं तळण?"

"तेच कळत नाय. म्हणून तर इलंव."

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "साहेब, रेडिओ येत नाही."

"मग दुकानात न्या ना, यार. दहा मिनिटांत करून देतात."

मास्तरांनी तेव्हा डोळे उघडले. "दहा मिनिटात रेडिओ बदलतात," ते म्हणाले. "दुरुस्त करीत नाहीत." हवालदार हसत गेला. मी मात्र हसू शकलो नाही, कारण दहा मिनिटं म्हणजे फारच झाली. मला एकच शब्द बोलायचा होता. रोज सकाळी मास्तर तो शब्द माझ्याकडे मागत, आणि मी रोज दुसराच देत होतो. एकदा खोटं बोललं की पुढचं प्रत्येक 'नाही' आधीच्या सगळ्या 'नाही'ना धरून उभं असतं. आता खरं सांगायचं म्हणजे फक्त दसऱ्याचं नाही, माहुलचंही सांगावं लागणार होतं.

दिवाळीनंतर मास्तरांची नात रेडिओवर बोलणार असं ठरलं. कॉलेजातर्फे, पाच मिनिटं, विषय मालवणी जेवण. रविवारी सकाळी अकरा वाजता. मास्तरांनी सेक्टरभर सांगितलं की सगळ्यांनी खाली यायचं, माझ्या गाडीपाशी. मास्तरीणबाई म्हणाली, घरात रेडिओ आहे, मोबाइल आहेत. पण ते ऐकेनात. त्यांना दोन्ही गोष्टी एकदम हव्या होत्या, नातीचा आवाज आणि माझा रेडिओ. आदल्या संध्याकाळी त्यांनी दुसरा सेट आणून बसवला, नवी वायर ओढली. एका दिवशी एकच गोष्ट हा नियम त्यांनी पहिल्यांदा मोडला, तेव्हाच मी बोलायला हवं होतं.

अकराला तीसचाळीस माणसं गाडीभोवती. चारी दारं उघडी. मास्तर पुढच्या सीटवर, इस्त्रीचा तोच शर्ट. बटण फिरवलं. तळण. नुसतं तळण, त्यामागे कुठेतरी विहिरीच्या तळाशी कुणी बोलतंय असं वाटावं इतकंच. चेअरमन म्हणाले, "मास्तर, मोबाइलवर लावू का?" मास्तर म्हणाले, "थांब. येतंय." अकरा वाजून दोन मिनिटं झाली, तीन झाली. सगळे माझ्या गाडीकडे बघत होते आणि मला वाटलं, आता कुणीतरी वर बघणार. टपाकडे.

तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, "मास्तर, नात बोलत नाहीये. थेट बांगडेच तळतेय!"

काय हसले सगळे! मास्तरही हसले. हसता हसता त्यांनी रेडिओ बंद केला, खाली उतरले, चारी दारं एकेक करून लावली आणि घरी गेले.

दुसऱ्या सकाळी मी गाडीपाशी उभा होतो. ते आले नाहीत. प्रश्नही आला नाही. पुढे कुणी मिक्सर घेऊन गेलं, इस्त्री घेऊन गेलं, की दारातूनच म्हणत, "माझ्याच्यान नाय होयत आता." हत्यारं त्यांनी गोणत्यात बांधून माळ्यावर टाकली. तेव्हापासून सेक्टरमध्ये ती म्हण सुरू झाली.

मी गाडीला बाजारातून नवं एरियल लावू शकलो असतो. लावलं नाही. दुकानदाराने दहा मिनिटांत वाजवून दिला तर मास्तरांची आणखी लाज निघेल, असं मी मनाला सांगत होतो. लाज कुणाची निघणार होती ते मला ठाऊक होतं. अशी सहा वर्षं मी गाडी मुकी चालवली.

मागच्या महिन्यात गाडीची पंधरा वर्षं भरली. भंगारवाला गुरुवारी न्यायला येणार होता. मंगळवारी सकाळी मी ते एरियल फिरवून काढायला गेलो, आठवण म्हणून. ते हातात दोन तुकडे होऊन आलं. बायको पिशवी घेऊन बाजारातून येत होती. तिने तुकडा हातात घेतला, उलटा केला, पॉलिश नखाने खरवडलं.

"हे आपल्या बाथरूमच्या पाइपाचं ना?"

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, तिला दसऱ्याचं ताट आठवलं असावं.

"चपला घाला," ती म्हणाली.

मास्तर आता ब्याऐंशीचे. दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मी दोन्ही तुकडे त्यांच्या मांडीवर ठेवले आणि सगळं सांगितलं, ब्रशापासून माहुलपर्यंत. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. मग नातीला हाक मारून माळ्यावरचं गोणतं उतरवायला लावलं. मीटर काढला. आतले सेल कुजलेले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढायला लावला, दुसरा टॉर्चमधला. मग तुकडे माझ्या हातात देऊन म्हणाले, "धर. हलव नको."

मी धरलं. मीटरच्या दोन टोकांनी त्यांनी वरचा तुकडा तपासला. मीटर वाजला. खालचा तुकडा तपासला. वाजला. मग दोन्ही तुकडे पुटीपाशी जुळवून एक टोक वर लावलं, एक खाली. मीटर गप्प.

"वरचा ठीक," मास्तर म्हणाले. "खालचा ठीक. मधे तू."

नात हसू दाबत आत गेली. जाताना त्यांनी तिला कॅलेंडर आणायला सांगितलं. ते गादीखाली होतं, सहा वर्षांपूर्वीचं. ऑक्टोबरचं पान त्यांनी पहिल्या झटक्यात काढलं. दसऱ्याच्या चौकोनात 'हात लावला नाही' होतं. त्यातलं 'नाही' खोडलं. पुढचे चौकोन घेतले, एकेक 'नाही' खोडत गेले. नोव्हेंबरचं पान उलटून तिथलेही खोडले. सगळे मिळून सत्तावीस. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात लिहिलं होतं: 'सेट ठीक. वायर ठीक. अर्थ ठीक. एरियल ठीक. राहिलो मी.'

मास्तरांनी 'राहिलो मी' यावर आडवी रेघ मारली, पट्टी लावून. वर माझं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. आणि पेन माझ्यापुढे केलं.

"सही कर."

मी केली.

"मास्तर," मी म्हटलं, "आणि ते बांगड्यांचं मी..."

"बांगडो बरो होतो," ते म्हणाले. "तेच्यावर मी अजून हसतंय. खोटा बोललंस ता वायट." मग कॅलेंडर मिटून म्हणाले, "हसली ती चाळीस माणसं होती. ही सही मी एकट्यान बघलंय."

म्हणून हे लिहिलं. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायला दिलं आहे. चेअरमन म्हणतात फार लांब आहे, पण लावतो म्हणालेत.

सहीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी मास्तर खाली आले होते, नातीचा हात धरून. एरियल त्यांनी रात्रभर बसून झाळलेलं. दुसऱ्या दिवशी भंगारात जाणाऱ्या गाडीवर ते मी फिरवून घट्ट बसवलं. मास्तर पुढच्या सीटवर बसले, कॅलेंडर मांडीवर घेतलं, नवं, या वर्षीचं.

"कालपासून कोणी हात लावल्यान?"

"मी," मी म्हटलं. "आरसा पुसला. मागची सीट झटकली. आणि संध्याकाळी उगाच थोडा वेळ आत बसून आलो. बसल्या बसल्या रेडिओचं बटणही फिरवून बघितलं."

त्यांनी सगळं लिहून घेतलं. बटण फिरवलेलंसुद्धा. मग म्हणाले, "इंजिन चालू कर. आणि तोंड बंद कर."

कुठल्यातरी स्वयंपाकघराच्या फर्निचरची जाहिरात लागली होती, इतकी स्वच्छ की बाई श्वास कुठे घेते ते कळत होतं. मास्तरांनी डोळे मिटून ती शेवटपर्यंत ऐकली.